कॉलेज कप समजून घ्यायचाय? मग आधी घड्याळ बघा

नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीला राहायला आल्यावर पहिल्यांदा कॉलेजची सॉकर मॅच (सॉकर म्हणजे आपला फुटबॉल) बघायला गेलो तेव्हा मी मैदानापेक्षा स्कोअरबोर्डाकडेच जास्त बघत होतो, कारण बोर्डावर ४५:०० लिहिलेलं होतं आणि शिट्टी वाजल्यावर ते ४४:५९, ४४:५८ असं उलटं पळायला लागलं. आपण लहानपणापासून बघितलेलं घड्याळ शून्यावरून वर जातं, पंचेचाळीस झाली की रेफ्री अजून दोन-तीन मिनिटं देतो, ती नक्की किती हे रेफ्रीलाच ठाऊक. इथे तसं नाही. गोल झाला, घड्याळ थांबलं. कार्ड दाखवलं, थांबलं. कोणी दुखापत होऊन पडला, थांबलं. आणि शेवटी स्टँडमधली पोरं दहा, नऊ, आठ असं जोरजोरात मोजतात, हॉर्न वाजतो आणि त्या क्षणी बॉल गोललाइनच्या वीतभर अलीकडे असला तरी संपलं, गोल नाही.

मला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं, आता सवय झालीय. पण हे लिहायचं कारण म्हणजे परवा पुण्याहून दाजींचा फोन आला. भाचा अकरावीत आहे, फुटबॉल चांगला खेळतो, कोणीतरी त्यांना सांगितलं की अमेरिकेत कॉलेजवाले स्कॉलरशिप देतात. तर दाजी म्हणाले, "अरे तू तिकडेच राहतोस ना, ते कॉलेज कप कॉलेज कप म्हणतात ते काय असतं नक्की, नीट समजावून सांग जरा." तासभर बोललो. फोन ठेवल्यावर वाटलं की हे लिहूनच काढावं, अजून कोणाला तरी उपयोग होईल.

तर आधी नाव. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मोठी संघटना. तिच्यात तीन डिव्हिजन आहेत. पहिलीत मोठा खर्च करणारी विद्यापीठं, दुसरीत मधली, तिसरीत खेळासाठी स्कॉलरशिपच न देणारी. तिसरीला कमी लेखू नका, तिथे पुरुषांच्या चारशेहून जास्त टीम आहेत आणि पेनसिल्वेनियातल्या मेसाया नावाच्या छोट्या विद्यापीठाने तिथलं विजेतेपद दहापेक्षा जास्त वेळा जिंकलंय. पण टीव्हीवर दिसतं ते पहिल्या डिव्हिजनचं, आणि त्या स्पर्धेच्या सेमीफायनल-फायनलला म्हणतात कॉलेज कप. म्हणजे अख्ख्या स्पर्धेचं नाव कॉलेज कप नाही, शेवटच्या चार टीम एका ठिकाणी जमतात त्या जमण्याचं ते नाव आहे. ती जागा आधीच ठरलेली असते आणि गेल्या काही वर्षांत बऱ्याचदा ती आमच्या कॅरीतलं वेकमेड सॉकर पार्क असते, दहा हजार लोकांचं छान आटोपशीर स्टेडियम, कुठेही बसलात तरी खेळाडूचा आवाज ऐकू येतो.

आता इथवर पोचायचं कसं. पहिल्या डिव्हिजनमध्ये पुरुषांच्या दोनशेच्या थोड्या वर टीम आहेत. ऑगस्टच्या शेवटी सीझन सुरू होतो आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत सगळं संपतं. या टीम वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये वाटलेल्या असतात. कॉन्फरन्स म्हणजे आपापल्यात नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट समजा. नोव्हेंबरात बहुतेक कॉन्फरन्स स्वतःची एक छोटी स्पर्धा घेतात आणि जो जिंकतो त्याला राष्ट्रीय स्पर्धेचं थेट तिकीट. असे वीसेक थेट पाहुणे झाले. स्पर्धेत जागा एकूण ४८. उरलेल्या जागा एक निवड समिती भरते, आणि खरी चर्चा, खरी रडारड तिथे.

समिती बरीच वर्षं आरपीआय नावाचा आकडा बघत आलीय. आकडा ऐकून घाबरू नका, सोपा आहे. त्यात तुम्ही स्वतः किती टक्के मॅच जिंकलात याला वजन फक्त पाव. तुमचे प्रतिस्पर्धी किती जिंकले याला अर्धं वजन. आणि तुमच्या प्रतिस्पर्ध्यांचे प्रतिस्पर्धी किती जिंकले याला उरलेलं पाव. म्हणजे लक्षात घ्या, तीन-चतुर्थांश आकडा हा तुम्ही कोणाशी खेळलात यावर. लिंबूटिंबू टीमना पाच-पाच गोलनी धुवून काढलं तरी हाती फारसं काही लागत नाही, उलट तगड्या टीमकडून एक गोलने हरलात तरी वेळापत्रक तगडं असल्याचा फायदा शिल्लक राहतो. म्हणून चांगले कोच सप्टेंबरातच मुद्दाम अवघड टीमच्या घरी जाऊन मॅच खेळतात. बाहेरच्याला वाटतं काय हे, सुरुवातीलाच हरून घेतायत. ते नोव्हेंबरची तयारी करत असतात.

४८ ठरल्या की त्यातल्या वरच्या १६ टीमना मानांकन मिळतं आणि त्यांना पहिल्या फेरीत पुढे चाल. उरलेल्या ३२ एकमेकांशी खेळतात, जिंकलेल्या १६ मग या मानांकितांच्या दारात. शक्यतो जवळजवळच्या टीमची गाठ घालून देतात, बसने जाता यावं म्हणून, विमानाचा खर्च वाचतो. आणि क्वार्टर फायनलपर्यंतच्या सगळ्या मॅच कुठल्या तरी एका टीमच्या कॅम्पसवरच. सगळी बाद फेरी. एक हरलात की घरी. मानांकित टीमने कॉलेज कप जिंकायचा तर पाच मॅच, बिनमानांकिताने सहा, आणि हे सगळं चार आठवड्यांच्या आसपास.

बरोबरीचं काय? इथे नियम बदललेत. २०२२ पासून सीझनच्या साध्या मॅचमध्ये जादा वेळ नाहीच, बरोबरी तर बरोबरी. पण राष्ट्रीय स्पर्धेत कोणीतरी एक बाहेर पडायलाच हवा, म्हणून दहा-दहा मिनिटांचे दोन जादा भाग आणि तरीही नाही सुटलं तर पेनल्टी. पूर्वी हा प्रकार फार लांबायचा. १९८५ ची फायनल सिअॅटलच्या किंगडोममध्ये झाली, यूसीएलए, म्हणजे लॉस एंजेलिसचं विद्यापीठ, विरुद्ध अमेरिकन युनिव्हर्सिटी, निर्धारित वेळेत गोल नाही, मग एक जादा भाग, दुसरा, तिसरा, असं करत आठव्या जादा भागात यूसीएलएने एकमेव गोल मारला. १६६ मिनिटं! आजच्या दोन मॅच जवळजवळ. आणि त्याआधी-नंतर असंही झालंय की निकालच लागला नाही, १९६७, १९६८ आणि १९८९ ला दोन-दोन टीमना संयुक्त विजेते जाहीर केलं. १९८९ चं तर थंडीमुळे. व्हर्जिनिया आणि सांता क्लारा, न्यू जर्सीत, डिसेंबर, १-१, आणि एवढ्या गारठ्यात पोरांना अजून पळवायचं नाही म्हणून थांबवलं.

अजून एक फरक जो दाजींना पटतच नव्हता, बदली खेळाडू. जगभर तीन होते, आता पाच झालेत. इथे कितीही बदलता येतात, फक्त परत आत यायला बंधन आहे, पहिल्या हाफमध्ये बाहेर गेलेला त्या हाफमध्ये परत येत नाही आणि दुसऱ्या हाफमध्ये एकदाच परत येऊ शकतो. त्यामुळे खेळ अंगावर येणारा होतो, ताजी पोरं सारखी आत येत राहतात आणि पळत राहतात. ज्यांना शांतपणे बॉल फिरवत बसणारा खेळ आवडतो ते यावर नाक मुरडतात आणि त्यांचं चूक नाही. पण आठवड्याला दोन मॅच, मध्ये लेक्चर, लॅब आणि डिसेंबरात सेमिस्टरची परीक्षा, एवढ्या सगळ्यात दुसरा मार्गही दिसत नाही. पुरुषांच्या कॉलेज सॉकरचे कोच गेली कित्येक वर्षं मागणी करतायत की सीझन दोन्ही सेमिस्टरमध्ये विभागा आणि फायनल वसंतात घ्या. मला स्वतःला ही मागणी शंभर टक्के योग्य वाटते. एकोणीस वर्षांच्या पोराने तीन महिन्यांत वीसेक मॅच खेळायच्या आणि मग उरलेले महिने अधिकृत मॅचविना काढायचे, हे शरीराला बरं नाही आणि खेळालाही.

आता इतिहास, पण थोडक्यात नाही सांगणार कारण मला तो फार आवडतो.

पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९ ला. जिंकली सेंट लुईस युनिव्हर्सिटीने. आणि मग त्यांनी जवळजवळ ठेकाच घेतला, १९५९ ते १९७३ या पंधरा वर्षांत दहा विजेतेपदं, त्यातलं एक संयुक्त. आजही कोणी त्याच्या पुढे गेलेलं नाही. कारण काय, तर सेंट लुईस शहर. कॅथलिक चर्चची मैदानं, स्थलांतरितांच्या वस्त्या, गल्लोगल्ली सॉकर, बाकीच्या अमेरिकेला हा खेळ धड माहीत नसताना. १९५० च्या वर्ल्डकपमध्ये अमेरिकेने इंग्लंडला १-० ने हरवलं होतं ना, त्या टीममधले पाच जण या एका शहरातले होते. त्यातला हॅरी केओ पोस्टात नोकरी करायचा. तोच पुढे सेंट लुईसचा कोच झाला आणि दहापैकी पाच विजेतेपदं त्याच्या हाताखाली आली. पोरंही तिथलीच, शहरातल्या शाळांमधली.

आणि मग हॉवर्ड. वॉशिंग्टन डीसीमधलं कृष्णवर्णीयांचं ऐतिहासिक विद्यापीठ. कोच लिंकन फिलिप्स, त्रिनिदादचे. खेळाडू कॅरिबियन आणि आफ्रिकेतून शिकायला आलेले. १९७१ ला त्यांनी फायनलमध्ये सेंट लुईसलाच ३-२ ने हरवलं, पण नंतर एनसीएएने काही खेळाडूंच्या पात्रतेवर बोट ठेवून विजेतेपद काढून घेतलं. परदेशी विद्यार्थ्यांसाठी जो वेगळा नियम होता तो कोर्टाने पुढे भेदभाव करणारा ठरवला, विजेतेपद मात्र परत मिळालं नाही. मग १९७४. हॉवर्ड संपूर्ण सीझन एकही मॅच हरलं नाही, फायनल पुन्हा सेंट लुईसशी आणि तीही सेंट लुईस शहरातच, चौथ्या जादा भागात गेली आणि हॉवर्ड २-१ ने जिंकलं. हे विजेतेपद कोणाला काढून घेता आलं नाही. पहिल्या डिव्हिजनचं कुठल्याही खेळाचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकणारं हे पहिलं कृष्णवर्णीय विद्यापीठ. मी हे दाजींना सांगत होतो तेव्हा मागून भाचा म्हणाला, "मामा, म्हणजे बाहेरून आलेल्यांनी तेव्हापासूनच जिंकलंय?" हो रे बाबा, तेव्हापासूनच.

नंतर इंडियानाचा काळ आला, आठ विजेतेपदं, त्यातली सहा जेरी येगली कोच असताना आणि आठवं २०१२ ला त्यांचा मुलगा टॉड कोच असताना. व्हर्जिनियाची सात, त्यातली चार तर सलग, १९९१ ते १९९४, कोच ब्रूस अरीना, जे पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय टीमला २००२ च्या वर्ल्डकपमध्ये क्वार्टर फायनलपर्यंत घेऊन गेले.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. अमेरिकेत कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये कोण जिंकणार हे बहुतेक वेळा पैसा ठरवतो, तीच मोजकी नावं फिरून फिरून येतात. पुरुषांच्या सॉकरमध्ये दार उघडं आहे. का? तर त्या पैशावाल्या विद्यापीठांपैकी कित्येकांकडे पुरुषांची सॉकर टीमच नाही. अलाबामा नाही, जॉर्जिया नाही, फ्लोरिडा नाही, टेक्सास नाही. ज्या एसईसी कॉन्फरन्सचा अमेरिकन फुटबॉलमध्ये एवढा दबदबा, ती पुरुषांचं सॉकर घेतच नाही, तिथली केंटकी आणि साउथ कॅरोलायना ही दोन विद्यापीठं सॉकरपुरती सन बेल्ट नावाच्या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये खेळायला गेली.

याच्या मागे १९७२ चा टायटल नाइन कायदा आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष भेदभाव चालणार नाही, खेळातही संधी समान. उत्तम कायदा, त्यामुळेच महिलांच्या सॉकर टीम पहिल्या डिव्हिजनमध्ये तीनशेच्या वर आहेत आणि आमच्या शेजारच्या चॅपल हिलमधल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या मुलींनी एनसीएएची बावीस विजेतेपदं जिंकलीत. आता गंमत बघा, एका अमेरिकन फुटबॉल टीममध्ये शंभराच्या वर मुलं असतात आणि तेवढ्या संख्येची मुलींची टीम सहसा नसते. मग तोल साधायचा तर मुलांचे दुसरे खेळ कापा. सॉकर, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स यांच्यावर कुऱ्हाड पडली. लोक दोष कायद्याला देतात, मला तो अन्याय वाटतो. जागा खाल्ली ती अमेरिकन फुटबॉलने.

आणि ज्यांच्याकडे टीम आहे त्यांनाही कितीतरी वर्षं फक्त ९.९ स्कॉलरशिप वाटता यायच्या. सव्वीस-अठ्ठावीस मुलांमध्ये दहाही पूर्ण स्कॉलरशिप नाहीत. म्हणजे कोणाला अर्धी, कोणाला पाव, कोणाला नुसती पुस्तकं. श्रीमंत विद्यापीठालाही तेवढ्याच, गरीबालाही तेवढ्याच. मग फरक पडतो तो कोच कुठून कोणाला शोधून आणतो याने. जर्मनी, इंग्लंड, ब्राझील, नॉर्वे, घाना, जिथे अकादमीत अठराव्या वर्षी पोराला सांगतात की तुझं प्रोफेशनल काँट्रॅक्ट होणार नाही, तिथून ही पोरं येतात. चांगलं खेळतात, डिग्रीही हवी असते.

त्यातून काय घडतं ते बघा. कोविडमुळे २०२० ची स्पर्धा २०२१ च्या वसंतात झाली, ४८ ऐवजी ३६ टीम, सगळ्या नॉर्थ कॅरोलायनात. वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टन नावाच्या छोट्या शहरातलं मार्शल विद्यापीठ. त्यांनी अव्वल मानांकित क्लेम्सनला पेनल्टीवर हरवलं, मग गतविजेत्या जॉर्जटाउनला, मग घरच्या नॉर्थ कॅरोलायनाला, आणि फायनलला आठ वेळच्या इंडियानाला जादा वेळेत १-०. गोल जमील रॉबर्ट्सचा, इंग्लंडहून आलेला. गोल्डन गोल होता तो, बॉल जाळ्यात गेला आणि तिथेच मॅच संपली. २०२२ ला सिराक्यूज पहिल्यांदाच चॅम्पियन, पुन्हा इंडियानाविरुद्ध, २-२ आणि पेनल्टीवर ७-६.

आणि २०२४. डिसेंबरातला सोमवार, रात्रीची मॅच, कॅरी. मी ऑफिसमधून थेट गेलो, जॅकेटवर जॅकेट घालून. व्हरमाँट विरुद्ध मार्शल, दोघांचाही रंग हिरवा त्यामुळे स्टँडमध्ये कोण कोणाचं ते कळायला दोन मिनिटं लागायची. व्हरमाँट म्हणजे जेमतेम साडेसहा लाख वस्तीचं राज्य, आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढं. टीमला मानांकनच नव्हतं. क्वार्टर फायनलला पिट्सबर्गला त्यांच्याच घरी हरवून आलेले, सेमीला डेन्व्हरला पेनल्टीवर. फायनलमध्येही आधी मागे पडले, मग शेवटी शेवटी बरोबरी साधली, मग जादा वेळ. आणि त्यात एक लांब बॉल डिफेन्सच्या मागे पडला, मॅक्सिमिलियन किसेल नावाचा जर्मन पोरगा त्याच्यामागे धावला, कीपर पुढे आला होता, याने त्याला चुकवलं आणि समोर रिकामा गोल. २-१. माझ्या पुढच्या रांगेत एक साठीचे गृहस्थ होते, व्हरमाँटची जुनी लोकरीची टोपी घातलेले. उड्या मारल्या नाहीत, ओरडले नाहीत, टोपी काढली, छातीशी धरली आणि तसेच उभे राहिले बराच वेळ.

आता दाजींचा मूळ प्रश्न. इथे खेळून पुढे काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय टीमचा क्लिंट डेम्प्सी फर्मन नावाच्या छोट्या विद्यापीठातून आला, गोलकीपर मॅट टर्नर फेअरफील्डमधून, ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रोफेशनल क्लब कॉलेजची पोरं निवडतात त्यात, कोणी घेतलं नाही तरी पुढे इंग्लंडच्या आर्सेनलपर्यंत गेला. पण खरं सांगायचं तर जगात आता प्रोफेशनल व्हायचं वय सोळा-सतरा झालंय, आणि कॉलेजातून निघालेला खेळाडू बावीसचा असतो. बहुतेक जण खेळाडू म्हणून पुढे जात नाहीत, डिग्री घेऊन नोकरीला लागतात. २०२५-२६ पासून नियमही बदलले, एका मोठ्या कोर्ट तडजोडीनंतर त्यात सामील झालेल्या विद्यापीठांसाठी ९.९ ची मर्यादा गेली, त्याऐवजी टीममध्ये जास्तीत जास्त २८ खेळाडू. म्हणजे पैसा असेल त्याने सगळ्या २८ जणांना पूर्ण स्कॉलरशिप दिली तरी चालेल. छोट्या विद्यापीठांसाठी उघडं असलेलं हे दार याने अरुंद होईल अशी मला मनापासून भीती वाटते, कारण आजवर व्हरमाँटसारख्यांना तारलं ते याच समान मर्यादेने.

आणि परदेशी मुलांसाठी एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसा. हे आपल्याला कोणी शिकवायला नको, अर्ध्या मराठी घरांनी तो व्हिसा भोगलाय. खेळाडूंना आता जाहिरातीचे, नावाचे पैसे घ्यायची परवानगी आहे, पण एफ-वनवर कामाचे निर्बंध असल्यामुळे तो पैसा त्यांच्यासाठी फार कटकटीचा. दाजींना म्हटलं, स्कॉलरशिप मिळालीच तर बहुधा अर्धी-पाव मिळेल, बाकीची फी तुम्हालाच भरावी लागेल, आणि मार्क हवेतच, पात्रतेसाठी ते बघतात. आत्तापासून मॅचचे नीट व्हिडिओ काढून ठेवा, नुसते गोलचे तुकडे नकोत, पूर्ण मॅच, कोच बॉल नसताना पोरगा काय करतो ते बघतात. दाजी म्हणाले बरं. भाचा मागून म्हणाला, "मामा, ते घड्याळ उलटं चालतं ते नको मला."

गेल्या नोव्हेंबरात इथल्याच एका कॅम्पसवर पहिल्या फेरीची मॅच बघितली. हरलेल्या टीमचा एक शेवटच्या वर्षाचा मुलगा हॉर्न वाजल्यावर साइडलाइनशी खाली बसला आणि सावकाश बुटांच्या नाड्या सोडायला लागला. एक सोडली, थांबला. त्याची टीम आत गेली, मैदानावरचे दिवे एका बाजूने बंद व्हायला लागले, बसशेजारी त्याचे आईवडील वाट बघत उभे होते आणि त्याला हाक मारत नव्हते. दुसरा बूट त्याच्या पायात तसाच होता.